फेंड ऑफ आणि फेंड फॉर: हे क्रियापद नेमकं कधी आणि कसं वापरायचं

आपल्यापैकी बऱ्याच जणांना इंग्रजी लिहिताना एक सवय लागलेली असते, मनात "टाळणे" आलं की बोटं आपोआप "अव्हॉइड" टाईप करतात आणि "थांबवणे" आलं की "स्टॉप". काम भागतं, समोरच्याला कळतं, नाही असं नाही. पण पेपर वाचताना, मॅचची इंग्रजी कॉमेंट्री ऐकताना किंवा ऑफिसच्या मेलमध्ये एक छोटं क्रियापद सारखं समोर येतं आणि लोक ते अंदाजानं वाचून पुढं जातात, स्वतः मात्र कधीच वापरत नाहीत. ते म्हणजे फेंड. स्पेलिंग एफ-ई-एन-डी. "फ्रेंड" मधला र काढून टाका की उच्चार तयार. मध्ये आय घालून "फीन्ड" करू नका, तो वेगळा शब्द आहे आणि त्याचा अर्थ राक्षस किंवा दुष्ट माणूस असा होतो, फोनवर टाईप करताना ही गल्लत सहज होते.

हा शब्द एकटा फारसा फिरत नाही. बहुतेक वेळा याच्यामागं "ऑफ" असतो नाहीतर "फॉर" असतो, आणि दोन्हींचे अर्थ इतके वेगळे की पहिल्यांदा वाचणाऱ्याला हे एकच क्रियापद आहे हे पटत नाही. आधी "ऑफ" घेऊ कारण खरी मजा तिथं आहे.

सप्टेंबर २०२१ मध्ये मुंबईच्या आरे कॉलनीत एका बाईंवर बिबट्यानं झडप घातली होती, सीसीटीव्हीचा तो व्हिडिओ तुमच्यापर्यंतही आला असेल. बाई काठी घेऊन चालत येतात, कट्ट्यावर बसायला जातात, मागून बिबट्या येतो, त्या पडतात पण पडल्या पडल्या हातातली चालायची काठी त्याच्यावर उगारतात आणि तो मागं सरकतो. "शी फेंडेड ऑफ अ लेपर्ड विथ हर वॉकिंग स्टिक." या एका वाक्यात या क्रियापदाचं सगळं शास्त्र आहे म्हणून जरा थांबून बघा. एक, धोका लांब कुठंतरी नव्हता, तो अंगावर आला होता. दोन, बाईंनी स्वतः हातपाय हलवून त्याला दूर ठेवलं. तीन, बिबट्या मेला नाही, पकडला गेला नाही, फक्त परत गेला. अंगावर आलेलं, स्वतःच्या जोरावर, तेवढ्यापुरतं परतवलेलं. हे तीन मुद्दे जुळले की डोळे झाकून फेंड ऑफ लिहा. एखादा जरी जुळत नसेल तर बहुतेक वेळा दुसरं क्रियापद जास्त चांगलं बसतं.

मराठीत याला एकच शब्द नाही, प्रसंग बघून बदलतो. हल्ला असेल तर परतवून लावणे, गर्दी किंवा शत्रू असेल तर थोपवणे, पत्रकारांचे प्रश्न असतील तर टोलवणे, कुत्री-माकडं असतील तर हुसकावणे. म्हणून डिक्शनरीत एक अर्थ पाठ करून काही उपयोग होत नाही, ते तीन मुद्दे लक्षात ठेवलेले बरे.

आता सगळ्यात जास्त चुकणारी जागा. फेंड हा शब्द आला "डिफेंड" मधून. साधारण १३००च्या आसपास इंग्रजीत डिफेंडचं पुढचं "डि" गळून पडलं आणि फेंड उरला, त्याच्या मागं लॅटिन डेफेंडेरे आहे, म्हणजे मारा दूर सारणे. पण नातं इतकं जवळचं असूनही दोघांची वाक्यात बसायची जागा उलटी आहे. डिफेंडच्या पुढं तुम्ही जे वाचवताय ते येतं. फेंड ऑफच्या पुढं ज्याच्यापासून वाचवताय ते येतं. "दे डिफेंडेड द फोर्ट" म्हणजे किल्ला राखला, "दे फेंडेड ऑफ द आर्मी" म्हणजे फौज परतवली. "दे फेंडेड ऑफ द फोर्ट" लिहिलंत तर किल्लाच चालून आला होता असा अर्थ होतो! जुलै १६६० मध्ये पन्हाळ्याहून शिवाजी महाराज विशाळगडाकडं निघाले आणि बाजीप्रभूंनी मागं घोडखिंडीत पाठलाग करणारी फौज अडवून धरली, हे इंग्रजीत सांगायचं तर खिंड "डिफेंड" केली आणि फौज "फेंड ऑफ" केली. एकाच लढाईची दोन टोकं. मुलांना शिकवायचं असेल तर हेच उदाहरण द्या, पुन्हा चुकत नाहीत.

क्रिकेटमध्ये मात्र डिफेंडचा वापर दोन्ही बाजूंनी होतो त्यामुळे गोंधळ वाढतो. "दे डिफेंडेड १५०" म्हणजे १५० धावा राखल्या, हे नियमाप्रमाणे झालं. पण बॅट्समन "डिफेंड्स इट" असंही म्हणतात आणि तिथं "इट" म्हणजे बॉल, म्हणजे जो अंगावर येतोय तोच. ही खेळाची आपली बोली आहे, तिच्यावरून सगळीकडं तसं लिहू नका.

आणि क्रिकेटचा विषय निघालाच आहे तर माझ्या मते फेंड शिकायची सगळ्यात चांगली जागा कॉमेंट्रीच आहे. शॉर्ट बॉल पडतो, बरगडीच्या नाहीतर छातीच्या उंचीला चढतो, पुल मारायला वेळ नाही, वाकून सोडायला पण उशीर झालाय, मग बॅट्समन पाय न हलवता नुसते हात वर घेऊन बॅटचं हँडल तोंडासमोर आणतो आणि बॉल ग्लोव्हला किंवा बॅटच्या खांद्याला लागून शॉर्ट लेगच्या किंवा गलीच्या आसपास पडतो. हे म्हणजे "फेंड्स इट ऑफ". यात शॉट नाही, बॉल कुठं जाईल यावर ताबा नाही, नुसतं अंग वाचवणं आहे. मराठीत आपण "कसाबसा खेळून काढला" म्हणतो ना तेच. साधा फॉरवर्ड डिफेन्स केला तर कुठलाही जाणकार कॉमेंटेटर त्याला फेंड म्हणणार नाही कारण तिथं बॅट्समन ठरवून, पाय टाकून खेळलाय. १९३२-३३ची बॉडीलाइन सिरीज याच गोष्टीवर उभी होती, इंग्लंडचा कॅप्टन डग्लस जार्डिननं लेग साइडला फील्डरांचं कडं लावलं आणि हॅरॉल्ड लारवुडसारख्या फास्ट बोलरला अंगावर बॉलिंग करायला लावली, म्हणजे ऑस्ट्रेलियाचा बॅट्समन बरगडीवरचा बॉल फेंड करायला गेला की कॅच कड्यात कुणाच्या तरी हातात. फेंड करणं ही नाइलाजाची गोष्ट असते, या शब्दातली ती धडपड या एका सिरीजवरून नीट कळते.

टेनिसमध्येही हा शब्द छान वापरतात. २०१९ची विम्बल्डन फायनल आठवा, पाचव्या सेटमध्ये फेडरर ८-७नं पुढं, सर्व्हिस त्याची, ४०-१५, दोन चॅम्पियनशिप पॉइंट हातात, आणि जोकोविचनं ते दोन्ही परतवले आणि पुढं १३-१२नं सेट आणि मॅच घेतली. "जोकोविच फेंडेड ऑफ टू चॅम्पियनशिप पॉइंट्स." आपण "मॅच पॉइंट वाचवला" म्हणतो, इंग्रजीतही "सेव्ह्ड" चालतं, पण फेंडेड ऑफ लिहिलं की माणूस भिंतीला पाठ लावून लढत होता हे दिसतं.

बिझनेसच्या बातम्यांमध्ये हा शब्द येतो तो बहुतेक टेकओव्हरच्या संदर्भात. एप्रिल २०२२ मध्ये इलॉन मस्कनं ट्विटर विकत घ्यायची तयारी दाखवली तेव्हा ट्विटरच्या बोर्डानं "पॉइझन पिल" नावाची तरतूद आणली, म्हणजे कुणी ठरावीक मर्यादेच्या वर शेअर्स गोळा केले तर बाकीच्या शेअरहोल्डरांना स्वस्तात शेअर्स मिळणार आणि त्या माणसाचा हिस्सा पातळ होणार. हे कशासाठी होतं तर "टू फेंड ऑफ मस्क". आणि त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये ४४ अब्ज डॉलरला कंपनी त्यालाच विकली गेली. म्हणजे फेंड ऑफ केलं की विषय संपला असं अजिबात नाही, समोरचा परत येऊ शकतो. कायमचं संपवलं असं सांगायचं असेल तर "डिफीट" किंवा "एंड" वापरा, फेंड ऑफ नको.

आता व्याकरण, थोडक्यात. फेंड, फेंडेड, फेंडिंग, सगळं सरळ आहे. "ऑफ" मात्र हलतो. वस्तूचं नाव असेल तर दोन्ही चालतं, "फेंड ऑफ द डॉग्ज" किंवा "फेंड द डॉग्ज ऑफ". पण सर्वनाम असेल तर ते मध्येच बसतं, "फेंड देम ऑफ", "फेंड हिम ऑफ", इथं "फेंड ऑफ देम" लिहिलं की ते चूक. कॉमेंट्रीत पण बघा, "फेंड्स इट ऑफ" म्हणतात, "फेंड्स ऑफ इट" कुणी म्हणत नाही. दुसरं म्हणजे "फ्रॉम" घुसवू नका. आपल्या डोक्यात "पासून" असतं, हल्ल्यापासून बचाव, त्यामुळे "फेंड ऑफ फ्रॉम द अटॅक" असं हातून निघतं. फेंड ऑफच्या पुढं थेट हल्ला, हल्लेखोर, प्रश्न, जे काय आहे ते, मध्ये काही नाही. ज्या साधनानं परतवलं त्याला "विथ", म्हणजे काठी, छत्री, बॅग. सोबत "मॅनेज्ड टू", "ट्राइड टू", "स्ट्रगल्ड टू" असे शब्द फार छान जुळतात कारण धडपड दाखवायचीच असते. नाम मात्र रोजच्या इंग्रजीत नाही, फक्त ऑस्ट्रेलिया-न्यूझीलंडच्या रग्बीत टॅकल करायला आलेल्याला हातानं ढकलून देण्याला "अ फेंड" म्हणतात.

याच्या पुढं काय काय येतं ते पण सांगतो: अटॅक, अटॅकर्स, क्वेश्चन्स, क्रिटिसिझम, कॉम्पिटिशन, चॅलेंज, इन्फेक्शन, अ कोल्ड. टुरिस्ट गाइडबुकात "फेंडिंग ऑफ टाउट्स" हमखास असतं, स्टेशनबाहेर पडल्यावर हॉटेल-टॅक्सी करत मागं लागणारे लोक. सगळीकडं बघा, काहीतरी तुमच्या दिशेनं येतंय. जे येतच नाहीये त्याला फेंड ऑफ लावू नका. मीटिंग टाळली, "आय फेंडेड ऑफ द मीटिंग", नाही, तिथं "स्किप्ड" किंवा पुढं ढकलली असेल तर "पुट ऑफ". तेलकट खाणं टाळतो, तिथं "अव्हॉइड" च बरोबर कारण वडा काही चालून येत नाही, आपण त्याच्याकडं जायचं नाही एवढंच. ड्रायव्हरनं प्रसंगावधान राखून अपघात टाळला, तिथं "अव्हर्टेड".

मग शेजारची क्रियापदं आलीच. अव्हर्ट म्हणजे होऊ घातलेलं होऊच न देणे, संप, युद्ध, अपघात, दुष्काळ. यात शब्दशः तोंड दुसरीकडं वळवणं आहे, म्हणून नजर वळवण्यालाही "अव्हर्ट" म्हणतात. प्रिव्हेंट त्याहून आधीचं आहे, धोका क्षितिजावर दिसायच्याही आधी केलेली तयारी, लसीकरण वगैरे. रिपेल म्हणजे जोरात मागं रेटणे, फौज असो, मॅग्नेट असो, की डास असोत, मॉस्किटो रिपेलंटचं नाव यातूनच आलं. फेंड ऑफमध्ये आपण जेमतेम टिकलो असतो, रिपेलमध्ये आपला जोर जास्त होता असं वाटतं, दोघांतला हा फरक बातमीचा सूर बदलून टाकतो.

स्टेव्ह ऑफ हा सगळ्यात जास्त चुकीचा वापरला जाणारा शेजारी. यात टाळणं नाहीच, लांबवणं आहे. भूक, दिवाळखोरी, पराभव, म्हातारपण, जे कधी ना कधी गाठणारच आहे ते आज नको, थोडं नंतर. दुपारी जेवायला उशीर होणार म्हणून दोन बिस्किटं खाल्ली, ते "टू स्टेव्ह ऑफ हंगर". याचा उगम काठीत आहे, जुन्या इंग्लंडात कुत्रे आणि अस्वलं किंवा बैल यांची झुंज लावायचे तेव्हा कुत्र्यांना काठीनं मागं ठेवणं म्हणजे स्टेव्ह ऑफ. भूतकाळ "स्टेव्ह्ड ऑफ" लिहा. "स्टोव्ह इन" असं रूप वाचनात येतं ते बोटीचा किंवा पिंपाचा तळ फुटून आत गेला या अर्थी, त्याचा इथं संबंध नाही.

वॉर्ड ऑफ तर आपल्याला रोज लागावा इतका जवळचा आहे. यात एखादी राखण करणारी गोष्ट मधे उभी असते आणि ती वाईटाला जवळ येऊ देत नाही. दुकानाच्या दाराला शनिवारी लिंबू-मिरची बांधतात, नव्या बांधकामावर काळी बाहुली लटकवतात, तान्ह्या बाळाच्या गालाला तीट लावतात, हे परदेशातल्या कलीगला समजावायचं तर "टू वॉर्ड ऑफ द ईव्हिल आय" हाच शब्दप्रयोग, इथं फेंड ऑफ विचित्र वाटेल कारण कुणी झटापट करत नाहीये. सर्दी होऊ नये म्हणून काढा पितो ते वॉर्ड ऑफ, अर्थात काढ्यानं किती फरक पडतो तो वेगळा विषय. हा वॉर्ड आणि आपला हॉस्पिटलचा वॉर्ड, महापालिकेचा वॉर्ड, हॉस्टेलचा वॉर्डन हे सगळे एकाच घरातले, मूळ अर्थ राखण. आणि "गार्ड" हा त्याचाच भाऊ, वॉर्ड जुन्या इंग्रजीतलाच आणि त्याच मुळाचा शब्द फ्रेंचमधून ग घेऊन आला तो गार्ड, आणि फ्रान्सच्या एका भागातून व घेऊन आलेला एक आणि दुसरीकडून ग घेऊन आलेला एक म्हणून इंग्रजीत वॉरंटी आणि गॅरंटी अशी जोडी आहे. मला इंग्रजीची ही बाजू फार आवडते.

पॅरी जरा कमी लागतो पण सांगून ठेवतो. तलवारीचा एक वार आला, आपली तलवार आडवी घालून तो बाजूला काढला, ते पॅरी. फुटबॉलमध्ये गोलकीपरनं बॉल पकडला नाही पण हातानं बाजूला लोटला, तेही पॅरी. म्हणजे एक वार, एक अडवणूक. सलग हल्ले चालू असतील तर फेंड ऑफ. पॅरीच्या मागं जे इटालियन पारारे आहे तेच पॅरासोल आणि पॅराशूट मध्ये पण आहे, एक ऊन अडवतो आणि एक पडणं अडवतो.

आता "फेंड फॉर". याच्या पुढं जवळजवळ नेहमी स्वतःवाचक सर्वनाम येतं, मायसेल्फ, हिमसेल्फ, देमसेल्व्ह्ज. अर्थ, कुणाचा आधार नसताना आपलं आपण निभावणे, खाणंपिणं, पैसा, राहणं, सगळं. "ॲट सिक्स्टीन शी हॅड टू फेंड फॉर हरसेल्फ." अर्थ असा बदलला कसा याचं उत्तर सोपं आहे, आधी संकटं परतवणे, मग धडपड करणे, मग धडपड करून पोट भरणे, आणि १७व्या शतकापासून हा वापर चालत आलाय. बातम्यांत हा येतो तो "लेफ्ट टू फेंड फॉर देमसेल्व्ह्ज" या रूपात, पूर आला, मदत पोचली नाही, लोक "वेअर लेफ्ट टू फेंड फॉर देमसेल्व्ह्ज". आपल्याकडं याला तंतोतंत शब्द आहे, वाऱ्यावर सोडलं. २०२०च्या लॉकडाऊनमध्ये पायी गावाकडं निघालेल्या मजुरांबद्दलच्या इंग्रजी बातम्यांत हे वाक्य पुन्हा पुन्हा येत होतं. यात कुणावर तरी ठपका असतो हे विसरू नका. "लेफ्ट" आलं म्हणजे ज्यानं सांभाळायला हवं होतं त्यानं हात वर केले. त्यामुळे मुलगी शिकायला पुण्याला गेली आणि मजेत स्वतःचा डबा स्वतः करते, हे सांगताना "लेफ्ट टू फेंड" नको, आईबापांनी सोडून दिलं असं वाटेल. तिथं "शी मॅनेजेस ऑन हर ओन" किंवा साधं "शी कॅन फेंड फॉर हरसेल्फ" म्हणा, "कॅन" आलं की तेच क्रियापद कौतुकाचं होतं. आणि मराठीतून थेट "फेंड फॉर माय फॅमिली" लिहायचा मोह होतो, घरच्यांचं पोट भरतो या अर्थी, तिथं "प्रोव्हाइड फॉर" जास्त नैसर्गिक.

राहिला फेंडर. गेटवेवरून एलिफंटाला नाहीतर मांडव्याला जाणाऱ्या लाँचच्या अंगाला जुने टायर दोरानं बांधलेले असतात, लाँच धक्क्याला लागते तेव्हा लाकूड दगडावर घासू नये म्हणून. इंग्रजीत त्या टायरलाच फेंडर म्हणतात, मग तो रबरी पिंप असो, दोराचा गोळा असो की जुना टायर. आणि बोट धक्क्यावर आदळायला आली की खलाशांना "फेंड ऑफ!" अशी आज्ञा देतात, म्हणजे हातानं किंवा बांबूनं धक्क्याला रेटून बोट लांब ठेवा. इथं बोट वाचवायची असते आणि "ऑफ" च्या पुढं काही बोललंच जात नाही, कशाला रेटायचं ते समोर दिसतंच. अमेरिकेत गाडीच्या चाकावरच्या पत्र्यालाही फेंडर म्हणतात आणि सायकलच्या मडगार्डलाही, ब्रिटनमध्ये गाडीच्या त्या भागाला "विंग" म्हणतात, आपण मडगार्ड म्हणतो. अमेरिकन बातमीत "फेंडर बेंडर" वाचलंत तर समजा किरकोळ धडक, पत्रा चेपला, कुणाला काही झालं नाही.

सरावासाठी एक करा. आठवडाभर पेपरमधल्या ज्या ज्या मराठी बातमीत परतवून लावला, थोपवलं, टाळलं, रोखलं, लांबणीवर टाकलं असं काही येईल ते वाक्य उतरवून घ्या आणि स्वतःला विचारा, गोष्ट अंगावर आली होती का, झटापट झाली का, ती परत येऊ शकते का. तिन्ही हो असतील तर फेंड ऑफ. व्हायच्या आतच टळली तर अव्हर्ट, फक्त पुढं ढकलली गेली तर स्टेव्ह ऑफ, मध्ये राखण करणारं काही होतं तर वॉर्ड ऑफ, आणि आपणच बाजूला झालो तर मात्र जुना अव्हॉइड.